वांशिक स्त्रीप्रतिमा व दृश्यकलेतील प्रतिवाद

वांशिक स्त्रीप्रतिमा : एखाद्या वंशाच्या, जमातीच्या वा प्रदेशाच्या सर्व स्त्रिया रूपाने, स्वभावाने व आचरणाने एकसारख्याच असतात, असे गृहीत धरून घडविलेली आणि पुनरावृत्तीमुळे रूढ झालेली प्रतिमा. अशा प्रतिमेत स्त्रीचे नाव, वय, व्यवसाय व मनोव्यापार ह्यांना स्थान नसते. ती केवळ आपल्या समूहाचा नमुना म्हणून पाहणाऱ्यापुढे उभी असते. आशियाई स्त्रीच्या बाबतीत अशा प्रतिमांचे प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात : भोगासाठी सदैव उपलब्ध असलेली विलासिनी, अबोल, आज्ञाधारक व सोशिक गृहिणी, आणि संस्कृतीचा स्पर्श न झालेली, निसर्गाचाच एक भाग मानली गेलेली वनकन्या. हे तीनही साचे परस्परविरोधी वाटले, तरी त्यांचे मूळ एकच आहे. तिन्हींत स्त्री ही पाहण्याचा विषय असते, पाहणारी नसते. हा साचा उघड करून दाखविणाऱ्या, तो मोडणाऱ्या किंवा त्याच्याजागी वेगळी प्रतिमा प्रस्थापित करणाऱ्या चित्र, शिल्प, छायाचित्र व प्रयोगकला ह्यांतील कृतींचा विचार प्रस्तुत नोंदीत, मुख्यतः महाराष्ट्र व गोवा ह्यांच्या संदर्भात, केला आहे.

साच्याची लक्षणे : एखादे स्त्रीचित्र साचेबंद आहे किंवा नाही, हे ठरविताना केवळ चित्रातील पोशाख वा देहाचे अनावरण पाहणे पुरेसे नसते. चित्राच्या शीर्षकात व्यक्तीचे नाव आहे की जातीचे वा जमातीचे. स्त्रीची दृष्टी कोणाकडे व कशी वळलेली आहे. ती काही काम करीत असल्यास ते काम खरोखर दिसते की शोभेपुरते उरते. पार्श्वभूमी तिच्या जगण्याची आहे की चित्रशाळेतील पडद्याची. आणि चित्र कोणी, कोणासाठी काढले व ते कोणाच्या हाती गेले, ह्या पाच प्रश्नांच्या उत्तरांतून साचा ओळखता येतो. चित्र सुंदर असणे व ते साचेबंद असणे ह्यांत विरोध नाही. किंबहुना कौशल्याने काढलेल्या देखण्या चित्रांतूनच साचा अधिक काळ टिकून राहतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकातील यूरोपीय चित्रकारांनी पौर्वात्य अंतःपुरातील दासी हा विषय लोकप्रिय केला. आंग्रचे ‘ला ग्रांद ओदालिस्क’ (१८१४) हे ह्या परंपरेतील प्रसिद्ध चित्र होय. त्यातील स्त्री रूपाने यूरोपीयच आहे. पौर्वात्यता आहे ती पंखा, फेटा व पडदा ह्या उपकरणांत. पुढे जपानी स्त्रीची समर्पणशील प्रतिमा प्येर लोतीची कादंबरी ‘मादाम क्रिझांतेम’ (१८८७) व पुच्चीनीची संगीतिका ‘मादामा बटरफ्लाय’ (१९०४) ह्यांतून दृढ झाली. अशा प्रतिमांचे परिणाम कलेपुरते मर्यादित राहिले नाहीत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८७५ मध्ये झालेल्या पेज अधिनियमानुसार वेश्याव्यवसायासाठी आणल्या जाणाऱ्या पौर्वात्य स्त्रियांना प्रवेशबंदी करण्यात आली आणि प्रत्यक्षात प्रत्येक चिनी स्त्रीकडे त्याच संशयाने पाहिले जाऊ लागले. प्रतिमा आधी व कायदा मागाहून, असा हा क्रम लक्षणीय आहे.

भारतात ह्या प्रक्रियेला छायाचित्रणाची व मानवमितीची जोड मिळाली. जे. एच. लँप्री ह्याने १८६९ मध्ये दोन इंची चौरसांच्या जाळीपुढे विवस्त्र व्यक्तीस उभे करून तिची तुलनात्मक मापे घेण्याची पद्धत मांडली. जे. फोर्ब्झ वॉटसन व जॉन विल्यम के ह्यांनी संपादिलेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ (८ खंड, १८६८–७५) ह्या ग्रंथात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे असून त्यांतील माणसांची ओळख प्रायः जात, जमात व तिचे कथित गुणदोष ह्यांच्या द्वारे करून दिली आहे. सर हर्बर्ट रिझ्ली ह्याने नासानिर्देशांक म्हणजे नाकाच्या लांबीशी असलेले रुंदीचे प्रमाण हा सामाजिक दर्जाचा निदर्शक मानला. १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त असल्याने ह्या मताला शासकीय प्रतिष्ठा लाभली.

महाराष्ट्रातील घडण : मुंबई हे भारतातील छायाचित्रणाचे आद्य केंद्रांपैकी एक. मुंबईची छायाचित्रण संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी विल्यम जॉन्सन ह्याने मुंबईतील रहिवासी व येथे येणारे परदेशी ह्यांच्या छायाचित्रांचा ग्रंथ दोन भागांत (१८६३ व १८६६) प्रसिद्ध केला. ह्या ग्रंथातील अनेक छायाचित्रे संयुक्त आहेत. माणसांची छायाचित्रे एका ठिकाणी घेऊन ती दुसऱ्याच स्थळाच्या दृश्यावर जोडलेली आहेत. माणूस आणि भूमी ह्यांची अशी सोयीस्कर सांधेजोड हे वांशिक साच्याचे अत्यंत बोलके उदाहरण होय. पुढे मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या ठाणे जिल्ह्याविषयीच्या खंडातही (१८८२) प्रत्येक जातिजमातीचा वर्ण, बांधा, पोशाख व स्वभाव ह्यांची वर्णने एका ठराविक क्रमाने दिलेली आढळतात. ही माहिती आजही अभ्यासकांना उपयुक्त आहे. तथापि संपूर्ण समाजाचा स्वभाव एका वाक्यात सांगण्याची तिची रीत त्या काळच्या राज्यकर्त्यांची आहे.

ह्या साच्याच्या घडणीत भारतीय कलावंतांचाही वाटा होता. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) ह्यांच्या ‘गॅलक्सी ऑफ म्युझिशियन्स’ (१८८९) ह्या चित्रात भारताच्या विविध प्रदेशांतील अकरा स्त्रिया आपापल्या वेशभूषेत एकत्र बसलेल्या दाखविल्या आहेत. देशाच्या ऐक्याची कल्पना त्यामागे असली, तरी प्रत्येक स्त्री ही प्रदेशाचे चिन्ह ठरते. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या व नंतर लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविलेल्या शिलामुद्रणालयातून देवीदेवतांची चित्रे घरोघरी पोहोचली. त्यांतील गौरवर्णी, भरदार, लुगडे वा साडी नेसलेली स्त्री ही आदर्श भारतीय स्त्रीचे रूप मानली जाऊ लागली. परिणामी सावळी, श्रमिक व वनवासी स्त्री ह्या आदर्शाबाहेर राहिली. यूरोपीय साच्याला शह देता देता एक देशी साचा तयार झाला, असे ह्याचे वर्णन करता येईल.

महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) ह्यांचे कार्य ह्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील ह्या ख्यातनाम चित्रकाराने ऑटो रॉथफेल्ड ह्या सनदी अधिकाऱ्याच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) ह्या ग्रंथासाठी विविध जातिजमातींच्या स्त्रियांची जलरंगचित्रे काढली. ग्रंथाची योजना जातवार वर्णनाची असल्याने चित्रेही त्या चौकटीत बसविलेली आहेत. परंतु धुरंधरांची निरीक्षणशक्ती इतकी सूक्ष्म होती, की पदराचा खोचा, टोपलीचा तोल, चालण्याची ढब ह्यांतून जिवंत व्यक्ती डोकावते. चौकट साच्याची व रेखाटन व्यक्तीचे, असा हा ताण त्यांच्या चित्रांत दिसतो. त्यांची कन्या अंबिका धुरंधर (१९१२–२००९) ह्यांनी सर जे. जे. कलाशाळेत रीतसर शिक्षण घेऊन चित्रकार म्हणून कार्य केले. चित्राचा विषय असलेली स्त्री चित्रकर्ती होण्याचा हा आरंभकाळ होय.

शास्त्रीय खंडन : वांशिक प्रतिमेच्या मुळाशी असलेल्या शास्त्राची तपासणी करण्यात महाराष्ट्रातील अभ्यासकांचा मोठा वाटा आहे. इरावती कर्वे (१९०५–७०) ह्यांनी १९२७ नंतर बर्लिन येथे ऑयगेन फिशर ह्यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीच्या असममितीवर संशोधन केले. कवटीच्या दोन बाजूंतील फरकाचा वंशाशी संबंध असावा, ह्या अपेक्षेला त्यांच्या मोजमापांनी पुष्टी दिली नाही. जिचे मोजमाप घेतले जाई, त्या आशियाई स्त्रीने मोजपट्टी हाती घेऊन काढलेला हा निष्कर्ष म्हणून त्याचे महत्त्व आहे. मानवमितीचा त्याग मात्र त्यांनी केला नाही. पुढे महाराष्ट्रातही त्यांनी अशी मापने केली. गोविंद सदाशिव घुर्ये (१८९३–१९८३) ह्यांनी ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ (१९३२) ह्या ग्रंथात रिझ्लीच्या उपपत्तीची चिकित्सा केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) ह्यांनी ‘द अन्टचेबल्स’ (१९४८) ह्या ग्रंथात मानवमितीच्याच आकड्यांच्या आधारे ब्राह्मण व अस्पृश्य हे भिन्न वंशांचे असल्याचे मत अमान्य केले. नाकाच्या मापावरून माणसाची योग्यता ठरत नाही, हे अशा रीतीने सिद्ध झाले. तथापि चित्रांतून व चित्रपटांतून रुजलेली प्रतिमा आकड्यांनी पुसली जात नाही. तिचा प्रतिवाद प्रतिमेनेच करावा लागतो.

प्रतिवादाचे मार्ग : दृश्यकलेतील प्रतिवादाचे स्थूलमानाने चार मार्ग सांगता येतात.

(१) विषयाला व्यक्तित्व देणे : अमृता शेरगिल (१९१३–४१) ह्यांचे ‘ताहितीवासी म्हणून आत्मचित्र’ (१९३४) हे ह्या परंपरेतील महत्त्वाचे चित्र आहे. पॉल गोगँ ह्या फ्रेंच चित्रकाराने पॅसिफिक बेटांवरील स्त्रियांना निसर्गरम्य भोगसृष्टीचे रूप दिले होते. शेरगिल ह्यांनी तीच अनावृत ठेवण स्वतःच्या देहावर घेतली. मात्र चित्रातील स्त्री गंभीर, आत्ममग्न असून तिच्यामागे एका पुरुषाची छाया पडलेली आहे. पाहणारा आता अदृश्य राहत नाही. त्याची सावली चित्रातच येते. ‘तीन मुली’ (१९३५) ह्या त्यांच्या चित्राला बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक १९३७ मध्ये मिळाले. त्यातील तरुणी कोणालाही मोहविण्यासाठी बसलेल्या नाहीत. अटळ भवितव्याच्या विचारात त्या बुडालेल्या आहेत. १९३६ च्या अखेरीस शेरगिल ह्यांनी अजिंठ्याची भित्तिचित्रे पाहिली. त्या चित्रांत विविध त्वचावर्णांच्या स्त्रिया समान डौलाने वावरतात. ह्या दर्शनाचा परिणाम १९३७ मधील ‘वधूचा शृंगार’ व इतर चित्रांत दिसून येतो. सावळा वर्ण येथे वैगुण्य वा नवलाई म्हणून येत नाही. तो चित्राच्या रंगसंगतीचा पाया होतो.

(२) पूज्य प्रतिमेचे देशीकरण : गोव्यातील आंजेलो द फोन्सेका (१९०२–६७) ह्यांचा जन्म सांतु इस्तेव्ह येथे झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत व नंतर शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस ह्यांच्या सान्निध्यात त्यांनी शिक्षण घेतले. येशूची माता मरिया त्यांनी साडी नेसलेली, सावळ्या वर्णाची भारतीय स्त्री म्हणून रंगविली. पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात ह्याला विरोध झाला. गोमंतकीय स्त्रीचे रूप पवित्र मातेला शोभत नाही, असे मानण्यात वांशिक श्रेष्ठत्वाची भावना किती खोलवर रुजली होती, हे त्या विरोधातून स्पष्ट झाले. फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आले व तेथेच त्यांची बरीचशी चित्रनिर्मिती झाली. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आता पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. चित्रकार आंतोनियू शाव्हियर त्रिंदाद (१८७०–१९३५) ह्यांची कन्या अँजेला त्रिंदाद (१९०९–८०) ह्यांनीही ख्रिस्ती विषय भारतीय शैलीत रंगविले. एका स्त्रीने मातृदेवतेला स्वतःच्या देशातील स्त्रियांचे रूप देणे, हा ह्या प्रवाहातील पुढचा टप्पा म्हणता येईल.

(३) साच्याचे सोंग घेऊन तो उघडा पाडणे : बंगलोरच्या पुष्पमाला एन. (१९५६– ) ह्यांनी ब्रिटिश छायाचित्रकार क्लेअर आर्नी ह्यांच्या सहकार्याने ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया : मॅनर्स अँड कस्टम्स’ (२०००–०४) ही छायाचित्रमालिका सादर केली. तिचे शीर्षकच जुन्या मानवजातिवर्णनपर ग्रंथांची आठवण करून देणारे आहे. रविवर्म्यांच्या चित्रातील नायिका, चित्रपटाच्या दृश्यातील नटी, वृत्तपत्रातील आरोपी स्त्री, चौकटींच्या पडद्यापुढे मोजमापासाठी उभी केलेली जमातीतील स्त्री अशी सर्व सोंगे त्यांनी स्वतः घेतली. एकच स्त्री हे सर्व ‘नमुने’ होऊ शकते, हे दिसताच नमुन्याची कल्पनाच ढासळते. ह्यापूर्वीच्या ‘फँटम लेडी ऑर किस्मत’ (१९९६–९८) ह्या मालिकेत त्यांनी मुंबईच्या पार्श्वभूमीवर चित्रपटातील धाडसी नायिकेचे रूप घेतले होते. ह्या पद्धतीत विनोद हे प्रमुख साधन असते. प्रेक्षक आधी हसतो आणि आपण कशाला हसलो, ह्याचा मागाहून विचार करतो.

(४) जुन्या प्रतिमेला नवे आयुष्य देणे : चीनमध्ये जन्मलेल्या व अमेरिकेत स्थायिक झालेल्या हुंग लिउ (१९४८–२०२१) ह्यांनी चिनी वारांगनांची जुनी छायाचित्रे घेऊन त्यांवरून मोठी तैलचित्रे रंगविली. ओघळणाऱ्या रंगामुळे छायाचित्राचा निश्चितपणा विरघळतो आणि विक्रीसाठी मांडलेल्या अनामिक स्त्रीला स्मरणाची प्रतिष्ठा लाभते.

परदेशस्थ आशियाई कलावंतांमध्ये हे चारही मार्ग आढळतात. योको ओनो ह्यांनी ‘कट पीस’ हा प्रयोग १९६४ मध्ये प्रथम क्योतो येथे केला. मंचावर निश्चल बसलेल्या कलावतीच्या वस्त्राचा तुकडा प्रेक्षकांनी एकेक करून कापून न्यावयाचा, असे त्याचे स्वरूप होते. सोशिक स्त्रीचा साचा येथे प्रेक्षकाच्या हातातील कात्रीकडे बोट दाखवितो. शांतिनिकेतन येथे जन्मलेल्या व इंग्लंडमध्ये वाढलेल्या सुतपा बिस्वास (१९६२– ) ह्यांचे ‘हाउसवाइव्ह्ज विथ स्टेक-नाइव्ह्ज’ (१९८५) हे चित्र कालीच्या मूर्तिविधानावर आधारलेले असून त्यातील गृहिणी शस्त्रधारिणी आहे. अबोल आशियाई गृहिणी ह्या ब्रिटिश समाजातील कल्पनेला दिलेले ते उत्तर होय. करोनाच्या महासाथीत आशियाई वंशाच्या लोकांवरील हल्ले वाढले, तेव्हा अमांडा फिंगबोधिपाक्किया ह्या अमेरिकन कलावतीने २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेस्थानकातील भित्तिफलकांवर आशियाई स्त्रियांची ठाम मुद्रेची चित्रे उभी केली. १६ मार्च २०२१ रोजी अमेरिकेतील अटलांटा परिसरात झालेल्या गोळीबारात ठार झालेल्या आठ व्यक्तींपैकी सहा आशियाई वंशाच्या स्त्रिया होत्या. साच्याचा प्रश्न हा केवळ अभिरुचीचा नाही, हे ह्या घटनेने पुन्हा दाखवून दिले.

सिद्धगड परिसर व आदिवासी स्त्रीची प्रतिमा : ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात सह्याद्रीच्या मुख्य रांगेस लागून असलेला सिद्धगड हा भीमाशंकर अभयारण्याच्या क्षेत्रात मोडतो. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील ह्यांना येथे आलेल्या हौतात्म्यामुळे तो स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात परिचित आहे. सिद्धगडापासून शहापूर तालुक्यातील माहुलीपर्यंतच्या डोंगराळ पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर व कातकरी ह्या जमाती राहतात. शहरातील दिनदर्शिका, पर्यटनपत्रिका, चित्रपटांतील नृत्ये व शोभेची चित्रे ह्यांतून ‘आदिवासी स्त्री’ ह्या एकाच नावाखाली ह्या सर्व समाजांतील स्त्रियांचे जे रूप दिसते, ते वर वर्णिलेल्या वनकन्येच्या साच्याचे आहे : तोकडे लुगडे, मण्यांच्या माळा, डोक्यावर घडा किंवा मोळी आणि चेहऱ्यावर निरागस हास्य.

ह्या रूपाची वास्तवाशी तुलना केली असता त्यातील विसंगती ध्यानात येते. ‘कोळीण’ म्हटले की मराठी चित्रदृष्टीपुढे माशांची पाटी घेतलेली किनाऱ्यावरील स्त्री उभी राहते. महादेव कोळी स्त्री मात्र डोंगरउतारावर नाचणी, वरी व भात पिकविणारी शेतकरी आहे. नाव एक असले, तरी जीवन अगदी भिन्न आहे. महादेव कोळ्यांवर घुर्ये ह्यांनी स्वतंत्र ग्रंथ (१९५७) लिहिला असून जव्हार संस्थानचे मुकणे राजघराणे ह्याच जमातीचे होते. तेव्हा ‘इतिहास नसलेले वनवासी’ ही कल्पना ह्या समाजाला लागू पडत नाही. ठाकरांमध्ये ‘क’ ठाकर व ‘म’ ठाकर असे भेद असून त्यांच्या बोलीत व चालीरीतींत फरक आहेत. कातकरी हे नाव खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या व्यवसायावरून पडले आहे. १८७८ च्या वन अधिनियमानंतर जंगलातील मुक्त वावरावर निर्बंध आले. पुढे कोळसाभट्टी व वीटभट्टी ह्यांवरील हंगामी मजुरी हा त्यांचा आधार बनला. ज्या स्त्रीला चित्रात सदैव रानात दाखविले जाते, ती वर्षातील कित्येक महिने कुटुंबासह वीटभट्टीवर असते. शासनाने विशेष दुर्बल मानलेल्या महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींमध्ये कातकऱ्यांचा समावेश होतो.

घडा घेतलेल्या स्त्रीचे चित्र हे ह्या विसंगतीचे सर्वांत ठळक उदाहरण ठरते. शहापूर तालुक्यातील तानसा जलाशयाचे पाणी १८९२ पासून मुंबईस जात आहे. वैतरणा व भातसा ह्या योजनांनी पुढे त्यात मोठी भर घातली. त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात विहिरी आटतात आणि स्त्रियांना दूरवरून डोक्यावरून पाणी आणावे लागते. दिवाणखान्यातील चित्रात दोन-तीन हंड्यांची उतरंड हा लयदार आकार असतो. पाड्यावर ते वजन असते. पाच लिटरांच्या हंड्यात पाण्याचेच वजन पाच किलोग्रॅम भरते, एवढे लक्षात घेतले, तरी मानेचा बाक आणि पावलांची ठेवण निराळी दिसू लागते. साच्याचा दोष तो खोटे दाखवितो, ह्यापेक्षाही तो कारण लपवितो ह्यात आहे. चित्रातील घडा खरा असतो. तो रिकामा का, हे मात्र चित्र सांगत नाही.

वारली चित्रकलेचे उदाहरण : आदिवासी स्त्री हा चित्राचा विषय नसून चित्राची कर्ती आहे, असे महाराष्ट्रातील सर्वपरिचित उदाहरण वारली चित्रकलेचे होय. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडे इ. तालुक्यांचा हा प्रदेश पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता; १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. विवाहप्रसंगी घराच्या सारवलेल्या वा गेरूने रंगविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ‘चौक’ लिहिण्याचा अधिकार सवासिनींचा असतो. बांबूच्या काडीचे टोक ठेचून किंवा चावून कुंचला तयार करतात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवीची आकृती असते. विवाहविधी चालविणारी व गीते म्हणणारी धवलेरीही स्त्रीच असते. चौकाशिवाय विवाह पुरा होत नाही, म्हणजेच स्त्रीच्या चित्रणक्रियेला येथे विधीचे सामर्थ्य आहे.

वारली चित्रातील मानवाकृती दोन त्रिकोणांची असते. तिला नाकडोळे नसतात व त्वचेचा वर्णही नसतो. स्त्री ओळखू येते ती केसांच्या अंबाड्यावरून आणि कामावरून. नासानिर्देशांक, वर्ण, बांधा ह्या वांशिक वर्गीकरणाच्या सर्व खुणा ह्या आकृतीत गैरहजर आहेत. साच्याला उत्तर देण्याच्या हेतूने ही शैली निर्माण झालेली नाही. तिची कारणे विधी व परंपरा ह्यांत आहेत. तरीही जे समाज वर्णनांतून व छायाचित्रांतून केवळ देह म्हणून मांडले गेले, त्यांच्याच शेजारी माणसाला त्याच्या कृतीने ओळखणारी चित्रभाषा नांदत होती, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

१९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी ह्यांच्या प्रयत्नांनी ही कला भिंतीवरून कागदावर आली. गंजाड येथील जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) ह्यांच्या प्रतिभेमुळे तिला जगभर मान्यता मिळाली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री हा किताब देण्यात आला. ह्या स्थित्यंतरात विषय विस्तारले व आर्थिक लाभाचे साधन निर्माण झाले. परंतु कागद, प्रदर्शन व बाजार ह्यांच्याशी संबंध प्रामुख्याने पुरुषांचा आला आणि परंपरेने जिचा अधिकार होता, ती सवासिनी बव्हंशी अनामिकच राहिली. पुढील काळात वारली स्त्रियाही कागदावर व कापडावर चित्रे काढू लागल्या. तथापि उपाहारगृहांच्या भिंती, पिशव्या व भेटवस्तू ह्यांवर छापल्या जाणाऱ्या आकृत्यांच्या गर्दीत चित्रकर्तीचे नाव क्वचितच आढळते.

मर्यादा व मूल्यमापन : ह्या कलाप्रवाहावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला म्हणजे, असे कार्य बहुधा शहरी कलादालनांत प्रदर्शित होते व ज्या स्त्रीविषयी ते आहे तिच्यापर्यंत पोहोचत नाही. दुसरा, शिक्षित कलावतीने आदिवासी स्त्रीचे सोंग घेतले, तरी मूळ स्त्री पुन्हा अनुपस्थितच राहते. तिसरा, भोगवस्तूच्या जागी केवळ पीडिता किंवा केवळ रणरागिणी उभी केल्यास एक साचा जाऊन दुसरा येतो. ह्या आक्षेपांत तथ्य आहे. त्यांचे भान ठेवून काही कलावंतांनी सहनिर्मितीचा मार्ग स्वीकारला. मुंबईतील नवज्योत अल्ताफ (१९४९– ) ह्यांनी १९९७ पासून बस्तरमधील कोंडागाव येथे शांतिबाई, राजकुमार इ. आदिवासी कलावंतांसमवेत काम केले. तेथील सार्वजनिक हातपंपांच्या जागा पाणी भरणाऱ्या स्त्रियांची सोय पाहून त्यांनी नव्याने घडविल्या. घडा घेतलेल्या स्त्रीचे चित्र काढण्याऐवजी तिला घडा टेकविण्यास जागा करून देणे, असा हा दृष्टिपालट आहे. नागपूर येथे जन्मलेले चित्रकार सवी सावरकर (१९६१– ) ह्यांच्या चित्रांतील देवदासीही मंदिराची शोभा म्हणून येत नाही, तर जातिव्यवस्थेने लादलेल्या शोषणाची साक्षीदार म्हणून येते. वांशिक व जातीय साचे परस्परांना कसे बळकटी देतात, ह्याची जाणीव त्यांतून होते.

वांशिक स्त्रीप्रतिमेचा प्रतिवाद करणाऱ्या कलेचे मूल्य तिच्या निषेधाच्या तीव्रतेवरून ठरविणे योग्य नाही. चित्र पाहिल्यानंतर प्रेक्षक ‘त्या स्त्रिया’ असे म्हणतो की ‘ही स्त्री’ असे म्हणतो, ही त्याची खरी कसोटी होय. जॉन्सनच्या संयुक्त छायाचित्रात स्त्रीला दुसऱ्याने निवडलेल्या भूमीवर उभे केले जात होते. फोन्सेका, शेरगिल, पुष्पमाला व वारली सवासिनी ह्यांच्या कृतींत आपण कोठे व कसे उभे राहावे, हे ठरविण्याचा अधिकार निरनिराळ्या प्रमाणात चित्रातील स्त्रीकडे आलेला दिसतो. सिद्धगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या स्त्रीपर्यंत तो पुरतेपणी पोहोचलेला नाही. तिने स्वतः काढलेले, तिच्या नावाने ओळखले जाणारे आणि तिच्या पाड्यावरही पाहिले जाणारे चित्र, हा ह्या परंपरेचा पुढील टप्पा होय.